कॅथोलिक चॅप्लेन होण्यासाठी काय लागते?

आधी वाचा: ईयोब 2:11-13, लूक 10:25-37, याकोब 5:13-16



गेल्या नाताळात मी सुट्टीवर आले होते, तेव्हा मिशनच्या वसतिगृहात वाढलेली एक मुलगी मला भेटायला आली. खरे तर आता तिला मुलगी म्हणणे बरोबर नाही. ती तिशीची आहे, रुग्णालयात परिचारिका आहे आणि दोन लेकरांची आई आहे. चहा झाल्यावर तिने सरळच विचारले, "ताई, तुम्ही अमेरिकेत दवाखान्यात जे काम करता, त्याचे प्रमाणपत्र असते ना? त्याला काय काय लागते? मला होता येईल का?"

मी घाईत दोन-चार वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. या अंकासाठी लिहा असे सिस्टरांनी सांगितले, तेव्हा तिलाच नीट उत्तर द्यायचे ठरवले. ते तुम्हां सर्वांसमोर देत आहे, कारण तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिशनला हातभार लावणाऱ्या आपणा सर्वांच्या हाती आहे.

मी हे शिकायला का गेले

मी मूळची वसईची. लग्नानंतर आम्ही न्यू जर्सीला गेलो. सुट्टीत इकडे आले की चार-आठ दिवस मिशनवर घालवायचे, हा माझा जुना नेम. अशाच एका भेटीत, पालघर जिल्हा वेगळा होण्याच्या आधी, सिस्टरांबरोबर मी एका रुग्णालयात आजाऱ्यांना भेटायला गेले. भाषेच्या मदतीसाठी वसतिगृहातली बारावीची एक वारली मुलगी बरोबर होती. तीच ही मुलगी.

एका खाटेवर एक तरुण आई बसली होती. तिचे चार दिवसांचे बाळ त्या सकाळीच गेले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली. देवाने बाळाला आपल्याजवळ बोलावले आहे, ते आता सुखात आहे, असे तिला सांगितले. माझ्या मनात तिच्याविषयी खरी कळकळ होती. तिने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. ती रडते आहे, रडून मोकळी होईल, असे मला वाटले आणि मी पुढच्या खाटेकडे गेले.

ती मुलगी मात्र मागे राहिली. खाटेजवळ जमिनीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वारलीत हळूच काहीतरी विचारले आणि ती आई बोलू लागली.

परतीच्या वाटेवर मुलीने सांगितले, "ताई, तिचा नवरा वीटभट्टीवर आहे, त्याला अजून निरोप गेलेला नाही. बाळाला घरी कसे न्यायचे याची तिला चिंता होती. मेलेले बाळ घेऊन एस.टी.त बसू देतील का, असे मला विचारत होती."

सिस्टरांनी लगेच मिशनची जीप मागे वळवली. त्या रात्री मला झोप आली नाही. मी तिला देवाविषयी सांगत होते आणि ती एस.टी.चा विचार करत होती. तिला काय हवे आहे हे मी विचारलेच नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांनी मी अभ्यासाला सुरुवात केली.

चॅप्लेन म्हणजे कोण?

रुग्णालय, तुरुंग, सैन्य, जहाजे, विद्यापीठे अशा ठिकाणी माणसे आपल्या धर्मग्रामापासून तुटलेली असतात. तिथे त्यांची आध्यात्मिक काळजी वाहणारी व्यक्ती म्हणजे चॅप्लेन.

ख्रिस्तसभेच्या 1983 सालच्या कायदेसंहितेत कलम 564 ते 572 ही चॅप्लेनविषयी आहेत. त्यांनुसार चॅप्लेन हा धर्मगुरूच असतो. आपल्याकडे सोपवलेल्या भाविकांचे पापनिवेदन ऐकणे, त्यांना वचन सांगणे, रुग्णाभ्यंग आणि अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर देणे, हे अधिकार त्याला पदामुळेच मिळतात. मरणाच्या दारी असलेल्याला दृढीकरण संस्कार देण्याचाही अधिकार त्याला असतो.

कलम 568 कडे मी तुमचे खास लक्ष वेधते. जीवनाच्या परिस्थितीमुळे ज्यांना धर्मग्रामाची नेहमीची सेवा मिळू शकत नाही, अशांसाठी शक्य तिथे चॅप्लेन नेमावेत, असे ते सांगते. त्यात स्थलांतरित, निर्वासित, भटके आणि खलाशी यांचा उल्लेख आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. हे कलम वाचताना मला तीच आठवतात.

मग मी, एक प्रापंचिक बाई, चॅप्लेन कशी? अमेरिकेतील रुग्णालयांत हा शब्द एका व्यवसायाचे नाव म्हणून वापरतात. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्याबरोबर काम करणारी, प्रशिक्षण घेतलेली आध्यात्मिक सेवक, असा तिथे त्याचा अर्थ होतो. धर्मगुरूंच्या कामाशी गल्लत होऊ नये म्हणून दीक्षा न घेतलेल्यांनी अशी पदनामे लावू नयेत, असे रोमने 1997 च्या सूचनापत्रात बजावले आहे. म्हणून कॅथोलिक रुग्णाला भेटताना मी पहिल्याच वाक्यात सांगते, "मी धर्मगुरू नाही. पापनिवेदन किंवा रुग्णाभ्यंग हवा असेल तर फादरांना बोलावते." विशेष सेवक म्हणून मी ख्रिस्तशरीर देऊ शकते. रुग्णाभ्यंग मात्र फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असेच सांगितले आहे. फादरांना वेळेवर बोलावणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

प्रमाणपत्राच्या अटी

अमेरिकेत कॅथोलिक चॅप्लेनना प्रमाणित करणारी संस्था म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ कॅथोलिक चॅप्लेन्स. तिची स्थापना 1965 साली झाली. सुरुवातीला ती धर्मगुरूंची होती, पुढे धर्मभगिनी, धर्मबंधू आणि प्रापंचिकांनाही खुली झाली. तिच्या मुख्य अटी अशा:

1. बिशपांचे मान्यतापत्र. अर्जदार श्रद्धा आचरणारा कॅथोलिक हवा, आणि या सेवेसाठी त्याच्या ख्रिस्तसभेने त्याला पाठवले आहे असे लेखी हवे. मी ही अट पहिली घेतली, कारण बाकी सगळ्याला तिच्यामुळे अर्थ येतो. आजाऱ्याजवळ मी स्वतःच्या हौसेने जात नाही. मला पाठवलेले असते, आणि मी चुकले तर जाब विचारणारा कोणीतरी असतो. मान्यता काढून घेतली गेली तर नुसत्या पदवीवर हे काम करता येत नाही.

2. ईशज्ञानाची पदव्युत्तर पदवी. ईशज्ञान, पास्टोरल सेवा किंवा त्याला जोडून असलेल्या विषयात, मान्यताप्राप्त संस्थेतून. मला नोकरी आणि घर सांभाळून यासाठी चार वर्षे लागली. "माझ्याच बाळाला का?" असे विचारणाऱ्या आईला पाठ केलेले उत्तर पुरत नाही. पण ज्याने दुःखाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण कधी नीट अभ्यासली नाही, तो घाबरून भलतेच बोलतो. मीही तेच केले होते.

3. सी.पी.ई.ची चार सत्रे. सी.पी.ई. म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, रुग्णांमध्ये राहून घ्यायचे शिक्षण. एक सत्र किमान 400 तासांचे असते. त्यातले किमान 100 तास मार्गदर्शकाबरोबरच्या आणि गटाच्या अभ्यासाचे, बाकीचे मुख्यतः प्रत्यक्ष सेवेचे. चार सत्रे म्हणजे 1600 तास.

4. लेखी निवेदन आणि मुलाखत. ठरवून दिलेल्या क्षमतांची यादी असते. शिकलेले प्रत्यक्षात उतरते का, व्यावसायिक आचरण कसे आहे, सेवेचे कौशल्य किती आहे, संस्थेत इतरांबरोबर काम जमते का, असे तिचे चार विभाग आहेत. प्रत्येक क्षमतेविषयी स्वतःच्या कामातले उदाहरण देऊन लिहावे लागते. मग अनुभवी चॅप्लेनांची समिती समोर बसवून प्रश्न विचारते.

5. नूतनीकरण. प्रमाणपत्र एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले असे नाही. दर पाच वर्षांनी ते नवे करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी अभ्यास चालू ठेवल्याचा हिशेब द्यावा लागतो.

यांशिवाय आचारसंहिता पाळावी लागते. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवायचे. त्याच्या दुबळ्या अवस्थेचा फायदा घेऊन त्याच्यावर आपला धर्म लादायचा नाही. रुग्ण मुसलमान असो, हिंदू असो की कुठलाच धर्म न मानणारा असो, त्याचा आधार कशात आहे हे त्याच्याकडूनच समजून घ्यायचे. आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. वाघोबा आणि हिरव्या देवाला मानणारी वारली आजी खाटेवर असेल, तर तिच्या उशाशी बसणे ही ख्रिस्ताची सेवाच आहे. ती सेवा करण्यासाठी तिने आपला देव सोडायची गरज नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारल्याचे लूकच्या शुभवर्तमानात कुठे दिसत नाही.

चार सत्रांत काय शिकवतात?

हे शिक्षण एका आजाऱ्यामुळे सुरू झाले. अँटन बॉयसन हे अमेरिकेतले प्रोटेस्टंट पाळक. 1920 साली त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि रुग्णालयात ठेवावे लागले. तिथे त्यांना जाणवले की पाळकांना पुस्तके वाचता येतात, पण दुःखी माणूस वाचता येत नाही. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले. 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी ईशज्ञानाच्या काही विद्यार्थ्यांना तिथे काम करत शिकायला आणले. रुग्ण हाच जिवंत ग्रंथ, तो आदराने वाचायला शिका, ही त्यांची शिकवण. पुढे कॅथोलिकांनीही ही पद्धत स्वीकारली.

तिचे मुख्य साधन म्हणजे शब्दशः टिपण. रुग्णाची भेट झाली की आठवेल तसे सगळे लिहून काढायचे: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मध्ये किती वेळ शांतता होती, माझ्या मनात तेव्हा काय चालले होते. मग ते पाच-सहा सहाध्यायांसमोर आणि मार्गदर्शकासमोर वाचायचे.

माझे पहिले टिपण अजून आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मधुमेहामुळे पाय काढावा लागलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले होते, "आता माझ्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार?" मी म्हणाले होते, "देव काहीतरी मार्ग काढील." टिपण वाचून झाल्यावर मार्गदर्शकांनी विचारले, "त्यांनी टोमॅटोंचे नाव काढले. तुम्ही टोमॅटोंविषयी काय विचारलेत?"

मी काहीच विचारले नव्हते. त्यांचे घर, बाग, एकटेपण, पुन्हा चालता येईल का ही भीती, हे सगळे त्या टोमॅटोंत होते. देवाचे नाव घेऊन मी ते दार लावून टाकले होते. त्या क्षणी मला ती तोंडावर पदर घेतलेली आई दिसली आणि मी सगळ्यांसमोर रडले. मार्गदर्शकांनी मला रडू दिले. मग त्यांनी विचारले, "रुग्ण रडायला लागला की तुम्हांला कशाची भीती वाटते?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची तीन सत्रे गेली.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपण सारे जाणतो. त्यांना आपण नेहमी नावे ठेवतो. पण सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्याचे दुःख केवढे मोठे आहे हे तेव्हा त्यांना दिसत होते. बोलायला लागले आणि चुकले. आमच्या 1600 तासांचे सार मला या गोष्टीत दिसते.

मग तुला काय सांगू?

आता माझ्या परिचारिका मैत्रिणीला उत्तर देते.

बाय, ज्या दिवशी मी चुकले त्या दिवशी तू बरोबर वागलीस. तुझ्याजवळ तेव्हा कुठलेही प्रमाणपत्र नव्हते. तू जमिनीवर बसलीस, गप्प राहिलीस, तिच्या भाषेत विचारलेस. मग तुला शिक्षणाची गरज काय, असे कोणी म्हणेल. मला मात्र ती गरज आहे असे वाटते, आणि त्याचे कारण तूच मला दिलेस. रात्रपाळीहून घरी गेल्यावर झोप येत नाही, गेलेल्या रुग्णांचे चेहरे दिसतात आणि हे कोणाला सांगावे कळत नाही, असे तू म्हणालीस. मायाळू मन एका दिवसाला पुरते. शंभराव्या दिवशी त्याला आधार लागतो. आपले ऐकून घेणारा मार्गदर्शक, आपली चूक प्रेमाने दाखवणारा गट, आणि मागे उभी असलेली ख्रिस्तसभा, हा तो आधार. मी सांगितलेल्या अटींचा खरा उपयोग तोच आहे.

अमेरिकेतले प्रमाणपत्र तुला लागणार नाही. त्यासाठी तिथली पदवी, तिथला खर्च आणि घर सोडून राहणे, हे सगळे करून तू तिकडेच राहिलीस तर आपल्या वारली आजाऱ्यांना काय मिळाले? सी.पी.ई. भारतातही शिकता येते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये असे शिक्षण दिले जाते. तिथल्या शिक्षणाने अमेरिकेतले प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, पण खाटेजवळ बसण्याचे शिक्षण तेच आहे. आधी आपल्या धर्मगुरूंशी बोल. त्यांच्यामार्फत बिशपांपर्यंत ही इच्छा जाऊ दे. पाठवलेली म्हणून जा, एकटी जाऊ नकोस.

आणि तुझ्याजवळ असे एक आहे, जे माझ्याजवळ चार वर्षांच्या पदवीनंतरही नाही. ती आई ज्या भाषेत रडली, ती भाषा तुझी आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेक जण चॅप्लेन होणार नाहीत. तरी महिन्यातून एकदा फळे घेऊन रुग्णालयात जाणारे आपले गट आहेत. त्यांच्यासाठी या अटींतून पाच साध्या गोष्टी घेते:

1. धर्मगुरूंना सांगून, त्यांच्या संमतीने आणि रुग्णालयाची परवानगी घेऊन जा.
2. बसायला जागा शोधा. उभ्याने केलेली भेट आजाऱ्याला घाईची वाटते.
3. प्रार्थना करण्याआधी विचारा. नको म्हटले तर राग मानू नका. मनातल्या मनात करा.
4. "घरी कोण आहे? आज सगळ्यांत मोठी काळजी कसली आहे?" हे विचारा. गाडी, निरोप, औषधाची चिठ्ठी असे काही निघाले तर ते सिस्टरांना कळवा. कोणी कॅथोलिक रुग्ण गंभीर असेल तर फादरांना लगेच फोन करा.
5. परत आल्यावर गटात बसून बोला. मी कुठे चुकले, हे एकमेकांना सांगा. मात्र रुग्णाचे नाव आणि त्याने विश्वासाने सांगितलेले खाजगी बोलणे बाहेर नेऊ नका.

आणखी एक विनंती. परिचारिकेला शिक्षणासाठी काही आठवडे बिनपगारी रजा घ्यावी लागते, तेवढे दिवस तिचे घर चालायला हवे. मिशनसाठी देणगी देताना आपण बहुधा विटा, पुस्तके आणि धान्य डोळ्यांसमोर आणतो. एका वारली बहिणीला खाटेजवळ बसायला शिकवण्याचा खर्चही त्यात धरावा. मी माझ्या परीने माझा वाटा देत आहे.

11 फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवला, आणि 1993 पासून तो पाळला जातो. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये आपल्या रुग्णालयांत एकट्या पडलेल्या आदिवासी मातांची आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्यांची आठवण ठेवा.

गटात चर्चेसाठी

1. ईयोबाचे मित्र कोणत्या क्षणापर्यंत बरोबर होते? आपण तसे गप्प का बसू शकत नाही?
2. आजारपणात कोणी तुम्हांला धीर द्यायला आले आणि तुम्हांला जास्तच वाईट वाटले, असे कधी झाले आहे का? त्या व्यक्तीने काय करायला हवे होते?
3. ज्या गोष्टी फक्त धर्मगुरू करू शकतात आणि ज्या आपण करू शकतो, त्यांच्या दोन याद्या करा. आपल्या यादीतले किती काम आपण प्रत्यक्ष करतो?
4. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेली आदिवासी कुटुंबे आहेत का? त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले तर आपल्याला कसे कळेल?

ख्रिस्तात तुमची,
मिशनची एक मैत्रीण